चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जाताय? पगाराआधी सुट्ट्या मोजा

माझ्या पहिल्या व्हिडिओ मुलाखतीत कॅमेरा सुरू झाला आणि पलीकडच्या बाई दोन सेकंद गप्पच झाल्या. माझा पासपोर्ट न्यूझीलंडचा, चेहरा अस्सल साताऱ्याचा. मग हसून त्यांनी विचारलं, "इंग्रजी कुठे शिकलात?" त्या शाळेचं उत्तर काही आलं नाही. तिसऱ्या मुलाखतीत काम झालं आणि पुढची दोन वर्षं मी नैर्ऋत्य चीनमधल्या ग्वेईझोउ प्रांतात एका विद्यापीठात 'वाय-जियाओ', म्हणजे परदेशी शिक्षिका, होते. आठवड्याला सोळा तास वर्ग आणि उरलेल्या वेळात रेल्वे, डोंगर, खेड्यांतले बाजार.

तसं जायचं असेल तर काय काय करावं लागतं ते क्रमाने सांगते. माझं मत आधीच सांगून टाकते: खेडी बघायची असतील तर जास्त पगाराची नोकरी ही बहुतेक वेळा चुकीची नोकरी असते.

पहिल्यांदा पासपोर्ट उघडा

इंग्रजी शिकवणारा माणूस शक्यतो ज्या देशाची मातृभाषा इंग्रजी आहे तिथला नागरिक असावा, असा चीनचा नियम आहे. व्यवहारात ही यादी सात देशांची: अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. त्यावर कुठल्याही विषयाची पदवी आणि शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची पदवी, शिक्षकाचा परवाना किंवा इंग्रजी शिकवण्याचं मान्य प्रमाणपत्र असेल तर अनुभवाची अट सुटते. प्रमाणपत्र सहसा १२० तासांचं मागतात. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला सगळ्यांनाच द्यावा लागतो. साठीच्या पुढे परवाना मिळणं अवघड.

म्हणजे टोरंटो, सिडनी किंवा न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी मुलामुलींना हा रस्ता मोकळा आहे. हातात भारतीय पासपोर्ट असेल तर इंग्रजी शिक्षकाचा परवाना मिळणं फार कठीण आहे, आणि "आमचं इंग्रजी त्यांच्यापेक्षा चांगलं आहे" हा युक्तिवाद परवाना कार्यालयात चालत नाही. बी.एड. आणि अनुभव असेल तर मोठ्या शहरांतल्या आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये गणित, भौतिकशास्त्र, संगणक असे विषय इंग्रजीतून शिकवण्याच्या जागा बघा. तिथे मातृभाषेची अट आड येत नाही.

"आत्ता बिझनेस व्हिसावर या, नंतर बदलून घेऊ," असं कुणी एजंट म्हणाला की फोन ठेवून द्या. कामासाठी लागतो तो झेड व्हिसा. पर्यटक, व्यावसायिक किंवा विद्यार्थी व्हिसावर शिकवणं बेकायदा काम ठरतं. त्याचा दंड ५,००० ते २०,००० युआन आहे, प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवसांची कोठडीही होते. एक युआन साधारण १२ रुपयांचा धरा, म्हणजे हिशेब कळेल. पकडला जातो तो शिक्षक, एजंट नाही.

नोकरी निवडताना

जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर मोठी गदा आणली. शनिवार-रविवारी आणि सुट्टीत असे वर्ग घेण्यावर बंदी आली आणि नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांचा धंदा बसला. त्याआधीचे अनुभव वाचून कुणी निघाला असेल तर ते चित्र मोडलंय हे लक्षात ठेवा. आता मुख्य पर्याय म्हणजे सरकारी शाळा, खासगी द्विभाषिक शाळा, आंतरराष्ट्रीय शाळा आणि विद्यापीठं.

खासगी शाळेत साधारण १८,००० ते २५,००० युआन मिळतात, पण सकाळी साडेसातपासून संध्याकाळपर्यंत हजेरी आणि वर पालकसभा. विद्यापीठात पगार निम्मा, ८,००० ते १२,००० च्या घरात. मात्र वर्ग आठवड्याला १४ ते १८ तास, राहायला आवारातच फुकट खोली, आणि हिवाळ्यात सहा आठवडे व उन्हाळ्यात जवळजवळ दोन महिने सुट्टी. प्रांताच्या गावात खर्च कमी, त्यामुळे निम्म्या पगारातही मागे पैसे पडतात.

आता नकाशा घ्या. शांघाय, शेनझेन विसरा. ग्वेईयांग, ग्वेईलिन, कुनमिंग ही शहरं शोधा आणि तिथून निघणाऱ्या रेल्वेमार्गांवर बोट फिरवा. ग्वेईझोउबद्दल जुनी म्हण आहे: सलग तीन दिवस ऊन नाही, तीन फूट सपाट जमीन नाही, माणसाच्या खिशात तीन नाणी नाहीत. म्हणीतला चिखल आणि चढउतार अजून तसेच आहेत, पण २०१४ च्या अखेरीस ग्वेईयांग ते ग्वांगझोउ हा वेगवान रेल्वेमार्ग सुरू झाला आणि ज्या खेड्यांना पूर्वी बसने अख्खा दिवस लागायचा ती दीड-दोन तासांवर आली.

करारात मी तीन ओळी शोधते. पगार बारा महिने की दहा? बरीच विद्यापीठं उन्हाळ्याचे पैसे देत नाहीत. 'इतर कामं' या शब्दात काय काय येतं? आणि नोकरी सोडताना सोडचिठ्ठी किती दिवसांत? काम सोडल्याचा दाखला आणि परवाना रद्द केल्याचं पत्र हातात पडल्याशिवाय दुसरीकडे रुजू होता येत नाही. हे कागद अडवून माणसाला बांधून ठेवतात, असे प्रकार मी पाहिले आहेत.

चौथी गोष्ट करारात नसते, तोंडी मागायची असते. वेळापत्रक बनायच्या आत परदेशी शिक्षकांचं काम बघणाऱ्या कार्यालयात जा, सोबत घरचं काही गोड न्या, आणि सांगा की माझे तास सोमवार ते गुरुवारात बसवा. मला पहिल्या सत्रात हे सुचलं नाही. शुक्रवारी दुपारी चारचा एक तास माझ्या गळ्यात पडला आणि चार महिने तो सगळ्या सहली खात बसला.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, उरकून टाकू. पदवी आणि पोलिसांचा दाखला प्रमाणित करावा लागतो. नोव्हेंबर २०२३ पासून चीन ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्याच्याच देशात मिळणारा शिक्का, स्वीकारतो, त्यामुळे न्यूझीलंड, ब्रिटन, अमेरिकेतल्या कागदांचं काम एका शिक्क्यात होतं. भारत आणि चीन यांच्यात मात्र ही सोय लागू नाही. पदवी पुणे किंवा मुंबई विद्यापीठाची असेल तर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि त्यावर चिनी वकिलातीचा, असा जुनाच मार्ग. माझी पदवी पुण्याची. ती तीन वेळा कुरियरने फिरली आणि त्यात दोन महिने गेले. म्हणून हे काम नोकरी शोधायच्या आधीच हातात घ्या.

मग शाळा कामाच्या परवान्याची सूचना काढते, ती दाखवून झेड व्हिसा मिळतो. चीनमध्ये उतरल्यावर २४ तासांच्या आत स्थानिक पोलीस ठाण्यात राहत्या पत्त्याची नोंद करायची आणि ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा. मधे वैद्यकीय तपासणी होते: रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, सगळं एका इमारतीत, कागद हातात घेऊन या दारातून त्या दारात. उपाशीपोटी जा.

निघण्यापूर्वी फोनवर वीचॅट (निरोप, फोन आणि पैसे देणं) आणि अलीपे (पैसे देणं) ही ॲप घेऊन ठेवा, परदेशी कार्ड त्यांना जोडता येतं. रस्त्यावरची भाजीवालीसुद्धा कोड पुढे करते. गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब तिथे उघडत नाहीत, तेव्हा आईला वीचॅट शिकवायचं काम निघायच्या आधीच करा. विमानतळावरून फोनवर शिकवायला जाल तर रडकुंडीला याल.

वर्गात

सरकारी शाळेत एका वर्गात ४० ते ५५ मुलं, विद्यापीठात तीसच्या आसपास. व्याकरण आणि परीक्षेचा भार चिनी शिक्षक वाहतात, तुमच्या वाट्याला येतं बोलणं. चिनी लोक स्वतःच्या इंग्रजीला 'याबा यिंग्यू' म्हणतात, म्हणजे मुकी इंग्रजी. हजारो शब्द पाठ असतात, तोंड उघडत नाही.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "काही शंका?" शांतता. पुन्हा विचारलं. खिडकीवर पाऊस वाजत होता तेवढाच आवाज. सगळ्यांसमोर चुकणं म्हणजे चारचौघांत नाक कापलं जाणं, आणि शंका विचारणं म्हणजे शिक्षकाने नीट शिकवलं नाही असं सुचवणं. तेव्हा एकट्याला उभं करू नका. आधी दोघादोघांत बोलू द्या, मग चौघांत, आणि शेवटी गटाचं उत्तर म्हणून एकाला सांगायला लावा. तिसऱ्या आठवड्यापासून गोंगाट आवरावा लागतो.

उच्चारांचं काम मात्र मनापासून करा. ते तुमच्याशिवाय कुणी करून घेत नाही. ग्वेईझोउ आणि सिचुआनच्या बोलीत न आणि ल एकमेकांत मिसळतात, त्यामुळे 'नाइट' आणि 'लाइट', 'नाइफ' आणि 'लाइफ' यांची गल्लत होते. माझी युक्ती सोपी आहे: नाक चिमटीत धरायला लावा. न म्हणताना आवाज अडकतो, ल म्हणताना अडकत नाही. तीस मुलं नाक धरून बसली की वर्गाचं हसून हसून भजं होतं, आणि हसता हसता जीभ जागेवर येते.

दुसरी अडचण 'ही' आणि 'शी'. चिनीत तो, ती, ते सगळ्यांचा उच्चार 'था' असाच. लिहिताना वेगळं, कानाला एकच. म्हणून उत्तम विद्यार्थीसुद्धा आईला 'ही' म्हणतो. मी त्यांना मराठी दाखवलं: आमच्याकडे तो, ती, ते तर आहेच, वर 'गेला, गेली, गेलं' असं क्रियापदही बदलतं. एक मुलगी पुटपुटली, "मग इंग्रजी सोपीच आहे." तिथून पुढे गाडी रुळावर आली. भूतकाळाचंही तेच. चिनी क्रियापद बदलत नाही, त्यामुळे 'यस्टर्डे आय गो' ठरलेलं. दर सोमवारी शनिवार-रविवारच्या गोष्टी सांगायला लावा, नियम सांगण्यापेक्षा ते लवकर मुरतं. आणि हो, व्ही आणि डब्ल्यू त्यांनाही जमत नाहीत. दोन्हींना एकच 'व' लावण्यात माझी हयात गेली, त्यामुळे तो धडा मी आधी स्वतः आरशासमोर केला.

दुपारी बारा ते दोन विद्यापीठ झोपलेलं असतं. त्या वेळात कुणाला फोन करू नका. पुण्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

कधी निघायचं

१ ते ७ ऑक्टोबर हा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा. त्या सात दिवसांत अख्खा देश रस्त्यावर असतो, नाव असलेल्या प्रत्येक गावात माणसांच्या रांगा. तेव्हा खोलीत बसा किंवा कुणी विद्यार्थी आपल्या गावी बोलावतोय का बघा. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या मागच्यापुढच्या दिवसांत गाडीची तिकिटं मिळवणं हे लग्नसराईत एसटी पकडण्याच्या दहा पट आहे. शिवाय सुट्टीचे काही दिवस आधीच्या किंवा नंतरच्या शनिवार-रविवारी भरून द्यावे लागतात. हे कुणी मुद्दाम सांगत नाही, रविवारी सकाळी आठला विद्यार्थ्याचा निरोप येतो, "मॅडम, वर्ग?"

मोकळा शुक्रवार असेल तर गुरुवार संध्याकाळ ते रविवार ही सगळ्यात चांगली वेळ. मार्चच्या अखेरीस सरसूची पिवळी शेतं, मे-जूनमध्ये पाणी भरलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या भाताच्या खाचरांत पडलेलं आभाळ, सप्टेंबरअखेर पिकलेला भात.

एक सहल, पायरीपायरीने

रेल्वेचं तिकीट १२३०६ या सरकारी ॲपवर साधारण पंधरा दिवस आधी खुलं होतं. पासपोर्टने एकदा नोंदणी केली की झालं, पुढे पासपोर्ट हेच तिकीट. पण स्वयंचलित दारांतून आपला पासपोर्ट बऱ्याचदा जात नाही, तेव्हा माणूस बसलेल्या दाराकडे जा आणि अर्धा तास हाताशी ठेवा.

ग्वेईयांग उत्तर स्थानकावरून त्सोंगजियांगला दीडेक तास. बाहेर झाओशिंगला जाणाऱ्या गाड्या उभ्या असतात, काही किलोमीटरांवर गाव. हे डोंग या अल्पसंख्याक समाजाच्या लोकांचं मोठं खेडं आहे. लाकडी घरं, मधून ओढा, आणि गावात पाच नगारमनोरे, प्रत्येक कुळ-वस्तीचा एक. मनोरा सुरूच्या जातीच्या लाकडाचा, खिळे न ठोकता खाचा जुळवून उभा केलेला. खाली बाकांवर म्हातारे विडी ओढत पत्ते खेळत असतात. आपल्या गावच्या पाराची जागा तिथे या मनोऱ्याने घेतली आहे. डोंग लोकांचं सामूहिक गाणं, ज्यात वाद्य नाही, हात हलवणारा कुणी नाही आणि तरी निरनिराळे स्वर एकत्र चालतात, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. पर्यटकांसाठी त्याचा कार्यक्रम होतो. पण मला त्यापेक्षा लक्षात राहिला तो ठक-ठक आवाज.

संध्याकाळी जेवण शोधत होते. एका दारात दगडी फरशीवर निळ्या कापडाची जाड घडी आणि एक बाई दोन्ही हातांनी लाकडी मोगरी तिच्यावर आपटत होती. मनगटापर्यंत हात निळेशार. नीळीत बुडवून, वाळवून, पुन्हा बुडवून झालेलं कापड असं कुटतात आणि अंड्याचा पांढरा बलक लावतात. मग ते ओल्या वांग्यासारखं जांभळं चमकायला लागतं. मी बोट लावून बघितलं, बोटही निळं. ते सोमवारी वर्गात दाखवलं तर डोंग घरातली एक मुलगी पहिल्यांदाच आपणहून उठली आणि आपली आजी हे कसं करते ते मोडक्या इंग्रजीत सांगत राहिली. त्या दिवशी मी भूतकाळाची एकही चूक दुरुस्त केली नाही.

दुसऱ्या सकाळी छोट्या गाडीने वर तांग-आन गावी जा आणि खाचरांच्या बांधांवरून चालत खाली उतरा. दोनेक तास लागतात. बूट चिखलाचे हवेत. तिथून त्याच रेल्वेमार्गावर रोंगजियांग आहे. मे २०२३ मध्ये इथे गावागावांच्या संघांची फुटबॉल स्पर्धा सुरू झाली आणि देशभर गाजली. खेळाडू म्हणजे शेतकरी, दुकानदार, रंगारी. मैदानात शिरायला तिकीट नाही, मध्यंतराला नाच, आणि बक्षीस म्हणून जनावरं.

सावकाश जायची हौस असेल तर सिचुआनच्या लियांगशान भागातली ५६३३ क्रमांकाची गाडी धरा. पुशियोंग ते पानचिहुआ, किमान भाडं २ युआन. यी समाजाचे शेतकरी कोंबड्या, बदकं, बकऱ्या घेऊन डब्यात चढतात आणि गाडी स्थानका-स्थानकावर बाजार करत जाते.

मुक्काम, जेवण, दारू

खेड्यात मुक्कामाला 'नोंगज्याले' शोधा. शेतकऱ्याच्या घरी खोली आणि जेवण, साधारण आपल्याकडच्या कोकणातल्या घरगुती राहण्यासारखं. घरमालक तुमचा पासपोर्ट पोलिसांच्या प्रणालीत नोंदवतो. मित्राच्या घरी राहिलात तर २४ तासांत ठाण्यावर जाऊन नोंद करणं तुमच्या अंगावर आहे. परदेशी माणूस म्हटल्यावर काही ठिकाणी हात झटकतात. निघण्याआधी फोन करून विचारा, वा विद्यार्थ्याला विचारायला सांगा.

शाकाहारी असाल तर 'वो छ्श सू' हे वाक्य पाठ करा, आणि "डुकराची चरबी, खिमा, चिकन पावडर नको" हे चिनी लिपीत लिहून फोनवर ठेवा. 'मांस नको' एवढंच सांगितलंत तर भाजीवर खिमा भुरभुरून येतो, कारण तेवढ्याला ते मांस समजत नाहीत. कुठेही मिळणारे पदार्थ म्हणजे टोमॅटो-अंडं, आंबट-तिखट बटाट्याच्या सळ्या, आणि बटाटा-वांगं-मिरचीची 'ती-सान-श्येन'. ग्वेईझोउत मात्र आपलं सुख आहे. तिथे सुक्या मिरच्या निखाऱ्यावर करपवून लसणीबरोबर कुटतात. हा ठेचाच, फक्त शेंगदाण्याचं कूट नाही. मी पुड्यातले दाणे काढून त्यात कुटले तेव्हा घरच्या आजीने चव घेतली आणि वाटी स्वतःकडे ओढली.

मियाओ हा तिथला आणखी एक अल्पसंख्याक समाज. त्यांच्या गावांच्या वेशीवर बायका तांदळाची दारू घेऊन वाट अडवतात. शिंगातून देतात तेव्हा हात मागे ठेवून एक घोट घ्या. शिंगाला हात लावलात तर सगळं संपवावं लागतं. पीत नसाल तर छातीवर हात ठेवून हसत 'पू नंग ह' म्हणा, दोनदा म्हणावं लागेल.

तिबेटला परवान्याशिवाय आणि एजन्सीशिवाय परदेशी माणसाला जाता येत नाही. निवास परवाना असला तरीही. पश्चिम सिचुआनचे काही भाग अचानक बंद होतात, आधी चौकशी करा.

बाजाराचा दिवस

खेडी खऱ्या अर्थाने बघायची तर बाजाराच्या दिवशी. तिकडे याला 'गान्-छांग' म्हणतात. पूर्वी हे दिवस बारा प्राण्यांच्या चक्रावर ठरत, घोड्याच्या दिवशी भरणारा बाजार, बैलाच्या दिवशी भरणारा. त्यामुळे ग्वेईझोउच्या नकाशावर माछांग, न्यूछांग अशी गावांची नावं आजही सापडतात, जशा पुण्यात शनिवार आणि बुधवार पेठा. आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहा दिवसांनी भरतो आणि तारखा चांद्र पंचांगावर चालतात. ॲपवर सापडत नाहीत. बसस्थानकाबाहेरच्या टपरीवर विचारा.

पहाटे पोहोचा, दहाला सगळं रंगात, एकला ओट्यांवर पानं उरतात. आणि परतीची शेवटची बस किती वाजता ते उतरल्या उतरल्या ड्रायव्हरलाच विचारून फोनवर लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं. दोन तास फाट्यावर बसल्यावर एका तीनचाकीवाल्याने मागे जागा दिली, डुकराच्या पिलांच्या तीन टोपल्यांच्या मधे. भाडं विचारलं तर म्हणाला, "लाओश (म्हणजे शिक्षिका), डुकरांकडून घेत नाही, तुमच्याकडून काय घेऊ?"